खालच्या कप्प्यातली डबी

सावद्यात आमच्या गल्लीत पहिला फ्रीज आला तो एका शाळामास्तराच्या घरी, म्हणजे आमच्या. समोर केळीचे बागायतदार, शेजारी केळीच्या गाड्या भरून दिल्लीकडे पाठवणारे व्यापारी, त्यांच्या घरी माठ. आणि फाटलेल्या छत्रीला दरवर्षी ठिगळ लावणाऱ्या आमच्या घरी फ्रीज. गल्लीने याचा अर्थ आपापल्या परीने लावला. कुणी म्हणालं, मास्तरांच्या शिकवण्या जोरात आहेत. कुणी म्हणालं, थोरलीचं लग्न जमवायचंय, घर सजवतायत. थोरली म्हणजे मी. मी तेव्हा अकरावीत होते आणि लग्नाचं नाव काढलं की माझ्या नाकाचा शेंडा लाल व्हायचा. पण हा फ्रीज माझ्यासाठी नाही, हे सांगायची सोय नव्हती.

फ्रीज माझ्या धाकट्या बहिणीसाठी होता. ती दहा-अकरा वर्षांची असताना अचानक वाळत गेली. शाळेतून आली की माठाशी उभी राहून तांब्यावर तांबे पाणी प्यायची, आणि आई म्हणायची, उन्हाचं असेल. उन्हाचं नव्हतं, कारण तेव्हा थंडी होती. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं की हिला साखर आहे, रोज सुई टोचावी लागेल, आणि ती जन्मभर. साखरेचा आजार आम्ही म्हाताऱ्या माणसांना झालेला पाहिला होता. परकर-पोलक्यातल्या पोरीला तो होतो हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं.

डॉक्टरांनी औषधाची बाटली दिली. अंगठ्याएवढी, रबरी बुचाची, आत दुधासारखं पांढरट पाणी. म्हणाले, उन्हाळ्यात थंड ठेवा, फ्रीज असेल तर उत्तम, खालच्या कप्प्यात ठेवा. तो हिवाळा आम्ही बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी, वाळूत ठेवून काढला. पण जळगावकडचा उन्हाळा ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. वैशाखात आमच्या घरातली पितळी भांडीसुद्धा हाताला चटका देतात. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, होळीच्या आधी फ्रीज आणला.

आणि आणला त्याच दिवशी धुळ्याहून फुई आली. फुई म्हणजे नानांची थोरली बहीण. आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या देवाच्या खालोखाल तिचा शब्द. तिचा धाकटीवर इतका जीव होता की आजाराचं कळल्यापासून तिने स्वतःच्या चहातली साखर सोडली होती. तिने फ्रीजला हळदकुंकू वाहिलं, मग पुढच्या दाराला कडी लावून सगळ्यांना समोर बसवलं.

"भाऊ, आयक. हाई गोट घरना बाहेर जावाले नको. पोरनी जात शे. कोणले समजनं ते उद्या दारशी पाव्हना उभा ऱ्हावाव नही. ना हिनासाठे, ना मोठीसाठे."

नाना विज्ञान शिकवायचे. पोरांना अंधश्रद्धेवर भाषणं द्यायचे. पण त्या दिवशी त्यांनी मान हलवली, कारण फुई चूक सांगत नव्हती. आमच्याकडे सोयरीक करताना सात पिढ्यांची खोदून चौकशी होते, आणि मुलीचा चष्माही लपवणारी घरं मी पाहिली आहेत. तर असं ठरलं की आजार घरात राहील. बाटल्या एका स्टीलच्या डबीत, डबी सगळ्यात खाली भाजीच्या ट्रेमध्ये, वर मेथीची जुडी. डॉक्टरांनी खालचा कप्पा का सांगितला, तर तिथे कुणाची नजर जात नाही म्हणून, असंच आम्ही धरून चाललो.

रोज सकाळी आई पुढचं दार लावायची. स्टोव्हवर छोट्या पातेलीत काचेची सिरिंज उकळायची. एका परीक्षानळीत निळं औषध घेऊन त्यात धाकटीच्या लघवीचे थेंब टाकून ते दिव्यावर तापवायचं. निळं राहिलं किंवा हिरवट झालं की दिवस बरा. पिवळं झालं की आईचं तोंड उतरायचं. विटकरी झालं तर साखर फार. मग नाना सुई द्यायचे, आणि धाकटी दर वेळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहायची. मास्तर सकाळी दार लावून कसली पूजा करतात, असं गल्लीत विचारलं जायचं. फुईने सांगून ठेवलं होतं, गुरूचा मंत्र घेतलाय.

आता गल्ली. माझ्या गल्लीबद्दल मी वाईट बोलणार नाही, पण त्या उन्हाळ्यात मला तिचा इतका राग यायचा की दात आवळून दुखायचे. पहिल्या आठवड्यात समोरच्या अक्का एक बाटली घेऊन आल्या. अक्का म्हणजे बागायतदाराच्या घरातल्या थोरल्या सूनबाई, आवाज मोठा, हात सढळ. "मास्तरीणबाई, येवढी एक ठेवजा वं, आमच्या ह्यांले दुपारी शेतातून आल्यावर गार पानी लागतं." आईने हसून ठेवली. दुसऱ्या दिवशी शिंपीणकाकू आल्या. मग दूध आलं, भिजवलेली कणीक आली, लोण्याची वाटी आली, ज्वारीच्या बिबड्या-पापडांसाठी शिजवून उरलेलं पीठ आलं. बाटल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येकीने खूण केली. अक्कांच्या बाटलीच्या गळ्याला लाल दोरा, शिंपीणकाकूंच्या बाटलीला बटण ओवलेला निळा दोरा, कुणी बुचाला चुना लावलेला. फ्रीजच्या दारातली फळी बघून वाटायचं की गल्लीची बैठक भरली आहे.

नाही म्हणायचं कसं? पाण्याला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. आणि नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं. कारण तर भाजीच्या ट्रेमध्ये मेथीखाली लपवलेलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. फ्रीजला किल्ली होती. एक दिवस मी चिडून कुलूप लावलं आणि किल्ली परकराच्या कनवटीला खोचली. दुपारी अक्का आल्या, दार ओढून पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, "काय वं, सोनं ठेवलं का आत?" आईचा चेहरा पांढराफटक पडला. संध्याकाळी किल्ली आईने माझ्याकडून काढून घेतली आणि कुलूप परत कधीही लावलं नाही.

त्यात वीज. उन्हाळा आला की केळीला पाणी लागतं, आणि विहिरींवरचे पंप सुरू झाले की गावातला दाब असा पडायचा की बल्बची तार नुसती लाल दिसायची. आम्ही फ्रीजसाठी स्टॅबिलायझर घेतला होता. त्याचा काटा दिवसभर खालीच लोळायचा आणि डबा टकटक करायचा. फ्रीज घर्र करून उठायचा, दोन आचके द्यायचा आणि गप्प बसायचा. आत दार घटकेघटकेला उघडलं जातंय, बाहेर वीज नाही, आणि आई ओट्याशी उभी राहून फक्त ऐकतेय. दार उघडल्याचा आवाज आला की तिचा हात पोळपाटावर थांबायचा. मी म्हणायचे, अगं सांगून टाक ना एकदा. ती म्हणायची, "सांगणं सोपं आहे. सांगितलेलं परत घेता येत नाही." मी फणफणत गच्चीवर जायचे, आणि गच्चीवर ऊन असायचं, म्हणून परत खाली यायचे.

तरी निभत होतं. परीक्षानळी बहुतेक सकाळी हिरवी असायची. धाकटीच्या गालांवर थोडं मांस आलं होतं. नाना म्हणाले, या आखाजीला हिला झोक्यावर बसू द्या.

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, पण आमच्या खान्देशात ती दिवाळीच्या तोडीची. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. घरोघर पितरांची घागर भरायची, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. फुई दरवर्षी आखाजीला धुळ्याहून यायची. म्हातारी झाली तरी माहेर ते माहेर. त्या वर्षी ती दोन दिवस आधी आली, आणि ती आली त्याच दुपारी वादळ आलं.

पाऊस थोडा, वारा फार. फैजपूरकडून आकाश मातीच्या रंगाचं झालं आणि पाहता पाहता पत्रे उडाले. वारा थांबल्यावर आम्ही बाहेर आलो तर गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब आडवा, तारा जमिनीवर. शेताकडून माणसं येऊ लागली. घड लागलेल्या केळीच्या बागा झोपल्या होत्या, गुडघ्याएवढं खोड उभं नाही. अक्कांच्या घरी रडणं नव्हतं, फक्त त्यांचे यजमान ओसरीवर टोपी हातात घेऊन बसले होते. नाना वीज केव्हा येईल ते विचारायला वीज मंडळाच्या कचेरीत गेले आणि तसेच परत आले. लोकांचं अख्खं वर्ष मातीत गेलं असताना माझा फ्रीज बंद आहे, हे ते कोणत्या तोंडाने सांगणार होते? तिथला माणूसच म्हणाला होता, मास्तर, किती खांब पडलेत मोजायला अजून कुणी गेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आपापल्या बाटल्या घेऊन गेल्या. फ्रीज उघडा पडला. आत कोमट हवा आणि मेथीचा कुबट वास. आईने डबी हातात घेतली. ती गरम नव्हती, पण गारही नव्हती. त्या दिवशी ऊन इतकं होतं की अंगणातली चिमणी चोच उघडी टाकून बसली होती. आई म्हणाली, माठाजवळ ठेवू का, पहिल्यासारखी? नाना म्हणाले, हा वैशाख आहे, तो माघ होता, औषध खराब झालं तर? मग नाना एसटीने भुसावळला गेले, तिथल्या बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी घेतली, पोत्यात भुसा घालून मांडीवर घेऊन आले. धोतराचा पुढचा भाग भिजून चिकटला होता. बसमध्ये लोक हसले असतील.

आता बर्फ टिकवायचा कशात? इथे फुई उठली. माझ्या फुईचं लग्न धुळ्याच्या ज्या घरात झालं तिथे दर उन्हाळ्यात आइस्क्रीमचा संचा फिरायचा. बाहेर जाड लाकडी बालदी, आत पत्र्याचं भांडं, मध्ये बर्फ. तसाच एक संचा समोरच्या अक्कांकडे होता. फुईने तो दूध ठेवायला म्हणून मागून आणला. आतल्या भांड्यात डबी ठेवली, चारी बाजूंनी बर्फ फोडून भरला, आणि मग स्वयंपाकघरातून खडे मिठाचा डबा आणून ओंजळीओंजळीने मीठ बर्फावर टाकलं.

आई म्हणाली, "मीठ कशाला, वन्सं?"

"आवं, तुले ठाऊक नही? नुसता बर्फ कितला थंड ऱ्हास? मीठ टाकं का तो जोर धरस. कुल्फी जमस ती कसानं जमस?"

नानांनी मान हलवली. ते विज्ञान शिकवायचे, त्यांना तर हे पुस्तकातूनच माहीत होतं. मिठाने बर्फाचं तापमान शून्याच्या खाली जातं, हा प्रयोग ते दरवर्षी वर्गात करून दाखवत. फुईला ते कुल्फीतून माहीत, नानांना पुस्तकातून, आणि दोघांचंही बरोबर होतं. वर पोतं, त्यावर ओली गोणी, त्यावर पाट. घरात समाधान पसरलं. मीही त्या दिवशी निवांत जेवले.

दुसऱ्या सकाळी फुईने पाट उचलला, डबी काढली आणि बाटली सगळ्यांना दाखवली. पांढरी, कडक, बाहेरून दवाने भरलेली. "देखा! फ्रीजमा कव्हय आशी व्हयनी व्हती का?" आईने बाटली तळव्यात धरून ऊब दिली. थोड्या वेळाने ती सुटली. हलवल्यावर आत बारीक कण दिसले, काचेला चिकटलेले. नानांनी खिडकीशी धरून पाहिली. गारठली म्हणून असेल, होईल सरळ, असं म्हणून त्यांनी सुई भरली. दुसरी बाटलीही त्याच डबीत होती आणि तीही तशीच. बर्फ वितळला की नाना परत भुसावळला जायचे, फुई परत मीठ टाकायची.

आखाजीला घागर भरली. धाकटीच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि मेथी, बाकीच्यांच्या ताटात रस. ती काही मागायची नाही. दुपारी आम्ही कडुनिंबाच्या झोक्यावर होतो. अक्कांकडचे पुरुष शेतात पडलेली केळी तोडत होते, पण मुलींना झोक्यावर जाऊ दिलं होतं, सण तो सण. मी तिला झोके देत होते, जेवण झाल्यापासून दिवस कलेपर्यंत. मधेच ती म्हणाली, ताई, तहान लागली. मग परत म्हणाली. मग झोक्यावरून उतरून तिथल्या घागरीला तोंड लावून पाणी प्यायली, इतकं की मुली हसायला लागल्या.

सकाळी नळी विटकरी झाली.

नानांनी सुईत औषध थोडं वाढवलं. दुसऱ्या दिवशीही विटकरी. आईने नळी धुऊन परत तापवली, जणू नळीच खोटं बोलत होती. धाकटी गळून पडली होती, पाणी पीत होती आणि ओकत होती. फुई तिच्या उशाशी बसली, तिच्या तोंडाजवळ वाकली आणि एकदम मागे झाली.

"भाऊ, हिना तोंडले वास यी ऱ्हायना. पिकेल आंबाना."

आम्ही सगळ्यांनी वास घेतला. खरंच होतं. गोड, पिकलेल्या फळाचा वास. घरात आढीचे आंबे होते, कोपऱ्यात गवतात. नानांचा चेहरा बदलला. त्यांनी तिला उठवून बसवलं आणि विचारलं, आंबा खाल्लास? ती म्हणाली, नाही. नानांनी परत विचारलं. तिने परत नाही म्हटलं. आई रडायला लागली, "अगं, खाल्ला असशील तर सांग, रागावणार नाही." फुईनेही विनवलं, शपथ घातली. मी ओरडून सांगितलं की ती दिवसभर माझ्यासोबत होती, मी पाहिलंय. नाना म्हणाले, तू तिला पाठीशी घालू नकोस. तिच्या तोंडाचा वास सगळ्यांना आला होता, आणि वासापुढे माझी साक्ष कोण ऐकणार? धाकटीने शेवटी बोलणंच बंद केलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि तिचा श्वास भराभरा चालू लागला, लांबून पळत आलेल्या माणसासारखा.

जळगावला न्यायला एसटीत बसवता येईना. आई अनवाणी समोर धावली. अक्कांनी काही विचारलं नाही. पडलेली केळी भरायला उभा असलेला टेम्पो त्यांनी अर्धवट रिकामा करवला, सतरंजी टाकली आणि स्वतः धाकटीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. ज्यांचं वर्ष मातीत गेलं होतं त्या बाईने माल रस्त्यावर ठेवून आम्हाला गाडी दिली. तिच्या लाल दोऱ्याच्या बाटलीला मी किती शिव्या घातल्या होत्या, ते आठवून मला जागच्या जागी गाडून घ्यावंसं वाटलं.

दवाखान्यात तिला आत घेतलं, सलाईन लावलं. पाळीवरचे डॉक्टर बाहेर आले, ते आम्हाला नवे होते, आणि सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "इन्सुलिन किती दिवसांपासून घेते? नेमाने देता ना?"

आईने डॉक्टरांकडे पाहिलं नाही. तिने अक्कांकडे पाहिलं. अक्का कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, पदरावर केळीच्या चिकाचे डाग. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांना सगळं एकदम समजलं. दार लावून होणारी पूजा, फ्रीज, कुलूप, सगळं. आई म्हणाली, "रोज देतो, डॉक्टर. एक दिवस चुकवला नाही."

डॉक्टरांनी बाटली मागितली. फुईने ती रुमालातून काढून दिली. त्यांनी ती हलवली, उजेडात धरली, परत हलवली. पांढरे कण तळाशी बसत होते.

"ही गोठली होती का?"

"हां मंग," फुई म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. "फ्रीज बंद पडना, पन आम्ही एक दिन गरम व्हऊ दिधी नही. बर्फमा मीठ टाकीसन ठेयी. दगडसारखी कडक."

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाटली फुईच्या रुमालावर परत ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले की हे औषध गोठलं की मरतं, परत पातळ झालं तरी त्यात जोर उरत नाही. इतके दिवस तुम्ही तिला औषध देतच नव्हता. आणि तोंडाचा तो गोड वास आंब्याचा नाही, शरीराला इन्सुलिन मिळालं नाही की तो वास सुटतो. नानांनी विचारलं, मग वीज नसताना काय करायचं होतं? डॉक्टर म्हणाले, "घरात माठ आहे ना? ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवली असती तरी चाललं असतं."

आईने तोंडात पदर कोंबला. नाना तिथल्या बाकावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून फरशीकडे बघत राहिले. मला कुणाच्या तरी अंगावर धावून जावंसं वाटत होतं. पण कुणाच्या? फुई चार दिवस उन्हात बर्फ फोडत होती, तिचे तळवे मिठाने सोलले होते. नाना ओल्या धोतराने भुसावळच्या खेपा घालत होते. गल्लीने फक्त पाणी गार करून मागितलं होतं. वाऱ्याला काय म्हणणार? इतका राग अंगात असून तो ठेवायला जागा नसणं, याच्याइतकी लाचारी मी परत अनुभवली नाही.

धाकटी वाचली. शुद्धीवर आल्यावर तिने आधी नानांना शोधलं. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. ती म्हणाली, "नाना, मी आंबा नव्हता खाल्ला." नानांनी मान हलवली आणि उठून बाहेर गेले. फुई मात्र तिच्या पायाशी बसून होती. ती पुढे अनेक वर्षं, मधेच भाजी निवडताना वगैरे, मला विचारायची, "पन कुल्फीमा ते मीठ टाकतसच ना वं?" मी म्हणायचे, टाकतात, फुई. मग ती परत भाजी निवडायला लागायची.

आम्ही घरी आलो तोवर खांब उभे राहिले होते. आणि काय गंमत, केळी पडल्यामुळे पंप बंद, पंप बंद म्हणून विजेचा दाब पुरेपूर. स्टॅबिलायझरचा काटा पहिल्यांदाच मधोमध उभा राहिला. फ्रीज दिवसभर मन लावून चालायचा. आणि तो रिकामा होता.

कुणीच बाटली घेऊन आलं नाही. आधी वाटलं, लोक दुःखात आहेत. मग आई स्वतः अक्कांकडे गेली आणि म्हणाली, पाठवा की बाटली. अक्कांनी आईचा हात धरला. "कायले वं माय? पोरीचं औषध राह्यतं त्यात. आपन घडीघडी दार उघडायचं, ते बरं नाही. आधीच सांगतलं असतं तर आम्ही हातबी नसता लावला." त्या खरं बोलत होत्या, मनापासून बोलत होत्या. शिंपीणकाकूंनी नवा माठ घेतला. पण काही घरांमधून वेगळंही कानावर आलं. कुणी आमच्याकडचं पाणी प्यायला नको म्हणालं. कुणी आपल्या मुलीला धाकटीच्या डब्यात हात घालू नको म्हणून सांगितलं. साखर एकाची दुसऱ्याला लागत नसते, हे शाळेत विज्ञान शिकवणारे नाना कुणाकुणाला शिकवणार? माझ्यासाठी चाळीसगावकडचं एक स्थळ येणार होतं. ते आलंच नाही. मला लग्नाचं सुख-दुःख नव्हतं, पण ते यायचे होते त्या दिवशी दारासमोर काढलेली रांगोळी आईने पुसली नाही, तशीच ठेवली, ते मला अजून दिसतं.

सारा उन्हाळा आम्ही ज्याची इच्छा केली तेच आता झालं होतं. दार कुणी उघडत नव्हतं, आत पुरेसं गार होतं, डबी सुरक्षित होती. आई ओट्याशी स्वयंपाक करायची आणि अधूनमधून तिचा हात थांबायचा. काही ऐकू येत नाही म्हणून.

एका दुपारी धाकटी मोरीत काहीतरी खटपट करत होती. तिने घरातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या काचेच्या बाटल्या गोळा केल्या होत्या. सरबताच्या, तेलाच्या, औषधाच्या. राखेने घासल्या, पाण्याने भरल्या. मग आईच्या शिवणाच्या डब्यातून दोरे काढले. एकीच्या गळ्याला लाल दोरा बांधला. एकीच्या गळ्याला निळा, त्यात बटण ओवून. एका बुचाला चुना लावला. आणि त्या फ्रीजच्या दारातल्या फळीवर ओळीने लावल्या, ज्याची त्याची जागा तिला पाठ होती. मग दार सताड उघडं धरून मला हाक मारली.

"ताई, बघ. भरला ना?"

मी म्हणाले, भरला. आई मागे येऊन उभी होती. तिने वाकून मेथीखालची डबी नीट सारली. मग लाल दोऱ्याची बाटली जरा वाकडी होती ती सरळ केली आणि फ्रीजचं दार हळूच लावलं.